प्रतिमान विमानविद्या, रेडिओनियंत्रित

रेडिओ तरंगांच्या साहाय्याने जमिनीवरून नियंत्रित करता येणारी लहान आकाराची, चालकरहित विमाने तयार करणे व उडविणे या विद्येस रेडिओनियंत्रित प्रतिमान विमानविद्या म्हणतात. बोलण्यात अशा विमानास ‘रिमोटचे विमान’ म्हणण्याचा प्रघात आहे. नवशिक्याच्या विमानाचा पंखविस्तार साधारणतः १ ते १.६ मी. व वजन अर्ध्या किलोग्रॅमपासून सु. २ किग्रॅ. पर्यंत असते. विमान लहान असले, तरी ते खेळणे नव्हे. त्याच्या पंखांवर निर्माण होणारे उत्थापन, त्याचा गुरुत्वमध्य आणि त्याचे कोसळणे हे सर्व मोठ्या विमानास लागू असलेल्या नियमांनुसारच घडते. फरक एवढाच, की चालक विमानात बसलेला नसून जमिनीवर उभा असतो. या विद्येची जवळजवळ सर्व अडचण या एका फरकातून उद्‌भवते आणि तिचा इतिहासही त्याच अडचणीशी झगडण्याचा आहे.

विमानात बसलेल्या चालकाचा डावा हात हाच विमानाचा डावा पंख असतो. जमिनीवरील चालकाच्या बाबतीत विमान दूर जात असेतोवरच हे खरे राहते. ते वळून त्याच्याकडे येऊ लागले, की विमानाचा उजवा पंख त्याच्या डाव्या हाताला दिसू लागतो आणि सवयीने केलेली प्रत्येक दुरुस्ती चूक वाढविणारी ठरते. शिवाय विमानाच्या वेगाची, वाऱ्याच्या धक्क्याची वा एंजिनाच्या ताणाची जाणीव शरीरास होत नाही. जे काही कळते, ते डोळ्यांनी. १.२ मी. पंखविस्ताराचे विमान सु. १४० मी. अंतरावर पूर्ण चंद्रबिंबाएवढेच रुंद दिसते. सेकंदास १२ मी. हा शिकाऊ विमानाचा मध्यम वेग धरला, तर हे अंतर ते बारा सेकंदांत कापते. त्यापुढे विमान येत आहे की जात आहे, हेही निश्चित सांगता येत नाही.

इतिहास : प्रतिमाने ही विमानांची नक्कल म्हणून जन्मास आली, हा समज बरोबर नाही, प्रत्यक्षात प्रतिमाने आधी उडाली. इंग्लंडमध्ये सर जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये पतंगासारखा पंख असलेले लहान ग्लायडर बनविले. फ्रान्समध्ये आल्फाँस पेनो यांचे पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे प्रतिमान १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात ११ सेकंदांत सु. ४० मी. अंतर गेले. त्याचे पंख टोकांकडे वर उचललेले होते व शेपूट किंचित उताराने बसविलेले होते. त्यामुळे ते हवेत आपला तोल आपणच सावरीत असे. हीच योजना आजच्या शिकाऊ विमानातही दिसते. अमेरिकेत सॅम्युएल पीअरपाँट लँग्ली यांचे वाफेच्या एंजिनावरील चालकरहित यंत्र ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सु. १ किमी. उडाले. ही उड्डाणे इतिहासात टिकली, कारण त्यांची तारीख, अंतर व वेळ नोंदली गेली आणि ती पाहणारे जाणकार साक्षीदार होते. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगावच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित यंत्र उडविल्याचे सांगितले जाते. महाराष्ट्रात ही कथा लोकप्रिय आहे. तथापि यंत्राची मापे, गेलेले अंतर वा उड्डाणाचा काळ यांविषयी खात्रीलायक समकालीन नोंद पुढे आलेली नाही. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या वैमानिकशास्त्र या ग्रंथातील आकृत्या तपासून बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्या उड्डाणक्षम नसल्याचा निष्कर्ष काढला. तळपदे यांची जिज्ञासा नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिला इतिहासात स्थान देण्यास पुरावा लागतो.

दूरनियंत्रणाचा आरंभ हवेत नव्हे, तर पाण्यावर झाला. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओने चालणारी नाव प्रेक्षकांना दाखविली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, इंग्लंडमध्ये आर्चिबॉल्ड लो यांनी चालकरहित विमान रेडिओने नियंत्रित करण्याचे प्रयोग केले. १९३५ मध्ये ब्रिटिशांनी तोफखान्याच्या सरावासाठी ‘क्वीन बी’ हे चालकरहित लक्ष्यविमान उपयोगात आणले. इंग्रजीत मधमाशीच्या नरास असलेले ‘ड्रोन’ हे नाव पुढे अशा सर्व विमानांना मिळाले, त्याचे मूळ बहुधा या ‘राणी माशी’त आहे. छंद व युद्धसाहित्य यांतील सीमारेषा या क्षेत्रात पहिल्यापासून पुसट राहिली आहे. हॉलिवुडचे नट रेजिनल्ड डेनी यांनी प्रतिमान विमानांचे दुकान थाटले. त्यातून उभ्या राहिलेल्या रेडिओप्लेन कंपनीने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यास हजारो लक्ष्यविमाने पुरविली. या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणीची छायाचित्रे १९४५ मध्ये सैन्याच्या छायाचित्रकाराने टिपली आणि तीच पुढे मेरिलिन मन्रो या नावाने प्रसिद्धीस आली.

छंद म्हणून रेडिओनियंत्रणाचा पाया मिशिगनमधील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी घातला. एकाने विमान व दुसऱ्याने रेडिओसंच तयार करून सु. २.४ मी. पंखविस्ताराचे ‘गफ’ हे विमान त्यांनी १९३७ मध्ये उडविले. ते आता अमेरिकेच्या राष्ट्रीय वायु व अवकाश संग्रहालयात आहे. त्या काळातील व त्यानंतरच्या दोन दशकांतील नियंत्रण कसे होते, हे आजच्या नवशिक्यास समजावून सांगावे लागते. चालकाच्या हातात एकच बटण असे. ते दाबले की विमानातील पिळलेल्या रबराने फिरणारे चक्र एक घर पुढे सरके व सुकाणू उजवीकडे वळे. सोडले की मध्यावर येई. पुन्हा दाबले की डावीकडे वळे. सुकाणू थोडे वळविणे शक्य नव्हते. ते वळे, ते पूर्णच. पुढची दाब उजवीची की डावीची, याचा हिशेब चालकाने मनात ठेवायचा आणि तो एकदा चुकला की विमान हमखास विरुद्ध दिशेस जाई. साहजिकच, असे विमान आधी नियंत्रणाशिवाय सरळ व स्थिर उडेल इतके काटेकोर जुळवून घ्यावे लागे. रेडिओ केवळ त्याला अधूनमधून सूचना देई. म्हणजे उडविण्याचे शिक्षण हे मुख्यतः विमान बांधण्याचे व तोलण्याचे शिक्षण होते.

१९५० नंतर वेगवेगळ्या स्वरांना प्रतिसाद देणाऱ्या धातूच्या पात्यांचे संच आले. त्यांनी सुकाणूखेरीज शेपटावरील आडवी फळी व एंजिन यांवरही ताबा मिळवून दिला; मात्र प्रत्येक हालचाल अजूनही पूर्ण किंवा शून्य अशीच असे. ट्रँझिस्टर स्वस्त झाल्यावर १९६० नंतरच्या दशकात प्रमाणबद्ध नियंत्रण रूढ झाले. प्रेषकावरील दांडी जितकी कलवावी, तितकीच विमानातील फळी हलू लागली. विमान चालविण्याचा खरा अनुभव येथून सुरू झाला आणि वर सांगितलेली डाव्या-उजव्याची उलटापालटही येथूनच नवशिक्याचा मुख्य शत्रू बनली. लिथियम पॉलिमर विद्युत् घट व ब्रशरहित चलित्र यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी तेलकट एंजिनाची जागा घेतली.

या यंत्रपरंपरेतील एका उणिवेचा परिणाम मात्र तांत्रिक ग्रंथांत सहसा नोंदला जात नाही. २७, ३५ किंवा ७२ मेगॅहर्ट्झच्या जुन्या संचांत एका कंप्रतेवर एका वेळी एकच विमान उडविता येई. त्याच कंप्रतेचा दुसरा प्रेषक कोणी नकळत सुरू केला, तर हवेतील विमान तत्क्षणी बेताल होऊन कोसळे. म्हणून मैदानावर एक फळा उभारीत व त्यावर प्रत्येक कंप्रतेसाठी कपडे वाळत घालण्याचा साधा चिमटा लावीत. ज्याच्याजवळ चिमटा, त्यालाच प्रेषक सुरू करण्याचा अधिकार. या रीतीमुळे नवशिक्याला फळ्यापाशी यावेच लागे, आपले नाव सांगावे लागे, रांगेत थांबावे लागे. तेथे कोणीतरी जुना जाणता त्याचे विमान हातात घेऊन गुरुत्वमध्य पाही, उलटे जोडलेले सुकाणू दाखवून देई. २००५ नंतर बाजारात आलेल्या २.४ गिगॅहर्ट्झच्या संचांनी ही अडचण संपविली. त्यांतील ग्राही आपल्याशी जोडलेल्या प्रेषकाचा सांकेतिक क्रमांक ओळखतो आणि इतरांचे संदेश सोडून देतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती होय. परंतु चिमट्याबरोबर फळ्याभोवतीची मंडळीही गेली. पेटीतून काढलेले विमान घेऊन नवशिका आता एकटाच मोकळ्या जागेवर जाऊ शकतो व जातो. विमाने अधिक विश्वसनीय झाली असूनही पहिल्याच दिवशी ती मोडण्याचे प्रमाण फारसे घटलेले जाणवत नाही, त्याचे कारण येथे शोधावे लागते.

भारतातील वाटचाल : राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेची स्थापना १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथील प्रत्येकी एका पथकाने झाली. प्रतिमान विमानविद्या हा तिच्या शिक्षणक्रमाचा भाग बनला. महाराष्ट्रातील अनेकांच्या हातात पहिला बाल्सा लाकडाचा तुकडा व घासकागद आला, तो याच शाखेच्या वर्गात. छात्रसैनिकांच्या अखिल भारतीय शिबिरांत स्थिर प्रतिमाने, मुक्त उड्डाण, तारनियंत्रित व रेडिओनियंत्रित विमाने अशा स्पर्धा होतात. रेडिओसंच मात्र दीर्घ काळ दुर्मिळ राहिला. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार असा संच बाळगण्यास परवाना लागे. १९९१ मधील आर्थिक धोरणबदलापर्यंत आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे एका संपूर्ण पिढीने हाताने फेकण्याचे ग्लायडर, मग रबराचे विमान, मग तारनियंत्रित विमान या पायऱ्यांनी शिक्षण घेतले. तारनियंत्रित विमान चालकाभोवती दोन बारीक पोलादी तारांच्या लांबीइतक्या त्रिज्येच्या वर्तुळात फिरते व चालकास केवळ वर-खाली एवढीच हालचाल करता येते. कलकत्त्यात बनणारी ‘अरोरा’ ही छोटी डिझेल एंजिने त्यासाठी वापरात होती. ईथर, रॉकेल व एरंडेल यांच्या मिश्रणावर अशी एंजिने चालत आणि त्यांचा वास कपड्यांतून दिवसेंदिवस जात नसे. हा क्रम नाइलाजाचा होता. पण त्यातून आलेल्या माणसास विमान का उडते, हे रेडिओ हाती येण्यापूर्वी ठाऊक झालेले असे.

२.४ गिगॅहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि परदेशी बनावटीचे स्वस्त संच सर्वत्र मिळू लागले. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी या विद्येकडे मोठ्या संख्येने वळले. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापन केलेली आयडियाफोर्ज ही संस्था चालकरहित विमानांची प्रमुख उत्पादक बनली. थ्री इडियट्स (२००९) या चित्रपटातील चार पंख्यांचे यंत्र तिनेच तयार केले होते.

शिक्षण : नवशिक्याचे विमान धडाच्या वर पंख असलेले, पंखांची टोके उचललेली असे असावे. दांड्या सोडल्या, की ते आपण होऊन सरळ होते. पहिल्या विमानास सुकाणू, शेपटावरील आडवी फळी व चलित्राची गती एवढी तीनच नियंत्रणे पुरतात. एलेरॉन नावाच्या पंखांच्या मागील कडेवरील हलत्या पट्ट्यांची गरज नंतर भासते. लढाऊ विमानाचा देखणा आकार पाहून खरेदी करण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि तो महागात पडतो. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून पंखाच्या रुंदीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश अंतरावर यावा लागतो. तो पुढे असल्यास विमान जड चालते. मागे असल्यास ते मुळीच आवरत नाही. पंखाखाली दोन बोटे टेकवून ही परीक्षा घरीच करता येते. प्रेषक आधी सुरू करावा व शेवटी बंद करावा, म्हणजे चलित्र अकस्मात फिरत नाही. उड्डाणापूर्वी विमानाच्या मागे उभे राहून प्रत्येक फळी योग्य दिशेस हलते का, हे पाहावे लागते. उलट जोडलेल्या फळीने झालेले अपघात हे सर्वांत टाळता येण्याजोगे व तरीही सर्वांत नेहमीचे आहेत.

दोन दांड्यांवर ही नियंत्रणे वाटण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. एकीत चलित्राची गती डाव्या हाताकडे, तर दुसरीत उजव्या हाताकडे असते. कोणती श्रेष्ठ, हा वाद निरर्थक आहे. शिकविणारा जी वापरतो, ती घ्यावी, कारण संकटाच्या क्षणी प्रेषक त्याच्या हाती द्यावयाचा असतो. उत्तम व्यवस्था म्हणजे दोन प्रेषक जोडणे. गुरूने एक कळ दाबून धरली असेतोवर विमान शिष्याच्या ताब्यात राहते. ती सोडताच ताबा गुरूकडे परत येतो. संगणकावरील आभासी उड्डाणाने डाव्या-उजव्याची उलटापालट अंगवळणी पाडता येते व त्यात काही मोडत नाही. विमान समोरून येत असता जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूस दांडी न्यावी, हा नियम तेथे शेकडो वेळा घोकून घ्यावा. विचार करून दांडी हलविण्यास हवेत अवधी नसतो.

दुसरी मोठी चूक उतरताना होते. विमान खाली येताना भीतीने नवशिका शेपटावरील फळी उचलतो. नाक वर जाते, वेग घटतो आणि एका मर्यादेनंतर पंखांवरील उत्थापन एकाएकी नाहीसे होऊन विमान एका पंखावर कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. उतरताना उंची चलित्राने व वेग नाकाच्या कलाने सांभाळायचा असतो, ही गोष्ट सहज बुद्धीच्या विरुद्ध असल्याने ती कोणीतरी शेजारी उभे राहूनच शिकवावी लागते. विमानात बसविलेल्या घूर्णदर्शी स्थिरकाने आता तोल आपोआप सावरला जातो. त्याचा उपयोग निःसंशय आहे; मात्र ते बंद पडल्यावर काय करावे, हे ज्याला येत नाही, त्याला उडविता येते असे म्हणता येणार नाही.

कायद्याच्या दृष्टीने ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांत २५ किग्रॅ. पर्यंत वजनाच्या, शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रतिमानांचा स्वतंत्र उल्लेख आहे. २ किग्रॅ. पर्यंतच्या विमानाच्या अव्यापारी उड्डाणास चालक-परवाना लागत नाही. आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे विभाग नकाशावर दिलेले असून हिरव्या विभागातही सर्वसाधारणतः १२० मी. ची उंची ओलांडता येत नाही. याखेरीज पोलीस वेळोवेळी स्थानिक मनाईहुकूम काढतात. त्यांची चौकशी उड्डाणाआधी करणे हे चालकाचे कर्तव्य होय.

जागेचा प्रश्न : मुंबई व तिच्या उपनगरांत मोकळी मैदाने आक्रसत गेल्याने नवशिक्याची नजर समुद्रकिनाऱ्याकडे वळते. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील राजोडी व अर्नाळा, कळंब यांसारख्या तिच्या शेजारच्या गावांचे किनारे याचे चांगले उदाहरण आहेत. ओहोटीला उघडी पडणारी सपाट, ओली वाळू धावपट्टीसारखी कठीण असते. मागे सुरूची झाडे आहेत, पुढे समुद्र. असा किनारा पाहताच योग्य वाटतो, पण तो फसवा आहे. येथे किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला, तर वारे बहुधा पूर्व-पश्चिम वाहतात. त्यामुळे वाळूच्या लांबीच्या दिशेने उड्डाण करणाऱ्या विमानास वारा नेहमी कुशीवर लागतो. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारे वाहतात. चलित्र बंद पडले, तर विमान पाण्याकडे ओढले जाते. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे जोर धरतात व तेच विमान सुरूच्या शेंड्यांवर नेऊन टाकतात. पावसाळ्याचे चार महिने तर वर्ज्यच.

वेळ निवडण्यास कोळ्यांचे पंचांग उपयोगी पडते. या किनाऱ्यावर अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती दुपारी बाराच्या आसपास व ओहोटी सकाळी सहाच्या आसपास येते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, हा क्रम जवळजवळ उलटा होतो व ओहोटीला उघडी पडणारी वाळूही कमी असते. म्हणून रुंद वाळू व मंद वारा या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात, त्या उधाणाच्या दिवशी सूर्योदयानंतरच्या तास-दीड तासात. या वेळी सहलीस येणाऱ्यांची गर्दीही नसते. सुटीच्या संध्याकाळी याच वाळूवर मुले खेळत असतात आणि दीड किलोग्रॅमचे, सेकंदास १५ मी. वेगाने येणारे विमान कोणाच्याही अंगावर आदळणे ही किरकोळ दुखापत नसते. अशा वेळी प्रेषक पिशवीतच ठेवावा. वाळूवर जाळी विणत बसलेल्या वा मासळी वाळवीत असलेल्या माणसांचे ते कामाचे ठिकाण आहे, याचेही भान हवे.

पहिले काही दिवस विमान स्वतः फेकू नये. दुसऱ्याने ते वाऱ्याच्या दिशेस तोंड करून, नाक किंचितही वर न उचलता, सरळ ढकलावे व चालकाने दोन्ही हात प्रेषकावर ठेवावेत. सकाळच्या मतलई वाऱ्यात याचा अर्थ पाण्याकडे पाठ करून फेकणे असा होतो. विमान झाडांवर जाण्याआधी पुरेशी उंची गाठावी लागते. म्हणून शक्य तेवढे पाण्याच्या कडेला उभे राहतात. उड्डाणानंतर चलित्र, बिजागऱ्या व जोडण्या गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्या लागतात, अन्यथा खाऱ्या हवेने आठवडाभरात गंज धरतो. समुद्राच्या पाण्यात पडलेला किंवा आपटून फुगलेला लिथियम घट पुन्हा भारित करू नये. तो आग धरू शकतो.